पौषापुरते कपडे

रत्नाकर पोंक्ष्यांची मुलगी शाल्मली सायकल घेऊन घराबाहेर पडली तेव्हा पौष चालू होता, आणि तिच्यापुरता तो संपलाच नाही. साताऱ्यातल्या बाकीच्यांचा माघ आला, फाल्गुन आला, होळी झाली, आंबे पिकले. शाल्मली मात्र रोज उजाडता उजाडता पौषातूनच सायकल मारत घरासमोरून जायची. तिच्याबरोबर रस्त्याच्या रुंदीएवढं धुकं यायचं आणि तिच्याबरोबरच निघून जायचं. मागे फाटकावर दव राहायचं, ते पोंक्षे पंच्याने पुसत. शेजारच्या शेडगेबाई तर आपल्या कुंड्या रोज त्यांच्या फाटकाशी आणून ठेवू लागल्या होत्या. वैशाखात तेवढंच फुकटचं गार, असं त्या म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

ती थांबत कधीच नसे. बोलणं व्हायचं ते फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत. तेवढ्यात अर्धं वाक्य निघायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. एका सोमवारी "आई, मला" एवढंच आलं. तिची आई, वृंदाताई, दिवसभर जेवल्या नाहीत. मंगळवारी "थंडी वाजते" आलं.

"कपडे पाहिलेत तिचे?" वृंदाताई म्हणाल्या. "पौषापासून तेच अंगावर. विरून पार जाळी झालीय. अहो, नुसते बघत काय उभे राहता? पोरीच्या अंगावर काहीतरी घालून या."

कॉलेज सुटल्यापासून पोंक्ष्यांनी सायकलला हात लावला नव्हता, पण दुसऱ्याच दिवशी ते भाच्याची जुनी सायकल घेऊन फाटकाशी उभे राहिले. अंगात दोन स्वेटर, गळ्याला मफलर, डोक्यावर कानटोपी. हिवाळ्यात जायचं तर असंच, अशी आपल्याकडच्या कुठल्याही बापाची समजूत असते. शाल्मली आली, ते तिच्या धुक्यात शिरले आणि दुसऱ्या बाजूने घामाने निथळत बाहेर पडले. आत त्यांना कुणीच भेटलं नव्हतं. शेडगेबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

म्हणून ते सायकलवर घालायच्या कपड्यांच्या दुकानात गेले. दुकानाच्या मागच्या भिंतीत तीन दारं होती. एकाखालून पाणी वाहत होतं, एकाखालून ऊन येत होतं, तिसऱ्याची कडी हाताला चिकटेल इतकी गार होती. दुकानाच्या मालकीण अलका निकम कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"कुठला ऋतू?" त्यांनी विचारलं.

"हिवाळा. जरा जाडच द्या."

"नवीन दिसताय. नवीन माणूस नेहमी जाड मागतो." त्यांनी पोंक्ष्यांचा स्वेटर चिमटीत धरून पाहिला. "ही बसून राहणाऱ्याची लोकर आहे, काका. ही हिवाळा बाहेर ठेवते. तुम्हाला आत जायचंय."

गार दाराआडून त्यांनी एक पातळ जाकीट आणलं, दोन सुट्या बाह्या, कान झाकणारी टोपी आणि हातमोजे. पायांना काही दिलं नाही. पाय पेडल मारून तापतात, ते कुठल्याही ऋतूत असले तरी चालतं, असं त्या म्हणाल्या. पोंक्ष्यांनी सगळं चढवून पाहिलं आणि दुकानातच कुडकुडले.

"थंडी वाजतेय मला."

"वाजायलाच हवी. निघताना वाजली नाही तर चढावर घाम येतो. घाम आला की माणूस उन्हाळ्यात."

"मुलीसाठी एक जोड पिशवीतून नेला तर?"

"वाटेतच उन्हाळी होईल. अंगावरचा तेवढा टिकतो. आणि जो कपडा उतरवून द्याल, त्याच्याखालचं तुमचं अंग इकडे परत येईल."

पोंक्ष्यांनी बराच वेळ बाह्या वरखाली केल्या. मग विचारायचं ते विचारलं. "तिला परत आणता येईल का हो?"

"ज्याला यायचं असतं तो थांबतो. ती थांबलीय का कधी?"

"नाही."

"मग कपडे द्या. तिचे पार विरले, तर ती कुठल्याच ऋतूत उरणार नाही."

ते तिथे दुकानातच रडले. अलकाताईंनी घड्या घालणं थांबवलं नाही, फक्त पंखा बंद केला.

मग आठवडाभर पोंक्षे गल्लीत एका हाताने सायकल चालवायला शिकले, कारण चालत्या सायकलवर कपडे काढायचे होते. दोनदा गटारात गेले. गल्लीत व्हायचं तेवढं हसं झालं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी त्यांनी तिला गाठलं. या वेळी धुकं दुसऱ्या बाजूने संपलं नाही. आत खराखुरा पौष होता, गवत पांढरं पडलं होतं आणि पोरीचे ओठ निळे झाले होते. कपड्यांच्या विरलेल्या जागी तिच्यातून पलीकडचा कठडा दिसत होता.

"बाबा, तुम्ही?" ती म्हणाली. "सायकलवर?"

"तू कशी आहेस?"

"चढ आहे."

त्यांना बोलायचं खूप होतं, पण दम पुरेना. चढावर मागे पडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलायचं, अशी सायकलवाल्यांची रीत असते. पोंक्ष्यांनी उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. पाठ बर्फासारखी होती. त्यांनी जाकिटाची चेन ओढली, एकेक हात बाहेर काढला आणि जाकीट तिच्या खांद्यांवर टाकलं. तिने ते अंगात घातलं. पलीकडचा कठडा दिसेनासा झाला, आणि पोंक्ष्यांच्या छातीवर वैशाखाचं ऊन पडलं.

"आईचं कसं आहे?"

"बरं आहे. लोणचं घातलंय कैरीचं. तुझी बरणी वेगळी काढलीय."

त्यांनी डावी बाही काढून दिली, मग उजवी. दंड तापले. डावा हातमोजा दिला. शाल्मलीच्या गालांवर रंग येऊ लागला, आणि तो पाहून त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर दुःख कसलं ते आठवेना. मग ती मान आखडून म्हणाली, "कान फार दुखतात, बाबा."

टोपी काढली की डोकं इकडे येणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. भुवईवरचा लहानपणच्या खोकेचा व्रण, नाकावर साचलेला थेंब, सगळं. "मी आहे हं," ते म्हणाले आणि टोपी तिच्या हातात दिली.

लख्ख ऊन होतं. करवंदाच्या जाळ्यांवर धूळ बसली होती. पोंक्षे घामाघूम होऊन एकटेच घाट चढत होते आणि त्यांचा उजवा हात बाजूला लांब झालेला होता. मनगटापुढे, मोजा होता तिथे, तो दिसत नव्हता. तेवढ्या तळव्याला मात्र थंडी वाजत होती, आणि तळव्याखाली जाकिटातली पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती.

मागून एक स्कूटरवाला आला. "काका, वळायचंय का?"

"नाही," पोंक्षे म्हणाले. "मुलगी आहे."

स्कूटरवाला हातापासून बरंच अंतर ठेवून पुढे गेला.

मग पाठ जरा वळल्यासारखी झाली. एक हात मागे आला, चाचपत त्यांच्या हातावर थांबला. मोजा नसलेला, लाकडासारखा कडक झालेला उजवा हात. बोटं मिटत नव्हती, तरी त्या बोटांनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. पोंक्ष्यांनी तो धरून ठेवला, पहिल्या वळणापर्यंत, मग दुसऱ्या वळणापर्यंत. त्यांच्या हाताची ऊब मोज्यातून पलीकडे जात नव्हती.

ते हँडलवर वाकले, दिसत नसलेल्या मनगटाकडे तोंड नेलं आणि मोज्याची कड दातांत धरली.