हिरव्या कापडाखालचं नाव

घाबरू नका, मी खरं हाड नाही. डॉक्टरांच्या टेबलावरचा, टाचेच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना बोलतोय. मोडलेलं हाड जोडणारी धातूची पट्टी सहा स्क्रूंनी माझ्या अंगावर बसवलेली आहे. ती पट्टी बनवणाऱ्या कंपनीनेच मला घडवलं आणि डॉक्टरांना भेट दिलं. तळाशी कंपनीचं नाव कोरलं होतं. टेबलाच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून डॉक्टरांनी तिथे हिरवं कापड चिकटवलं. नाव झाकलं गेलं, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पेशंट मला हातात घेऊन "वा!" म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

पुढे डॉक्टरांनी एका वैद्यकीय मासिकासाठी या पट्टीचं कौतुक करणारा लेख लिहिला. मासिकाच्या फॉर्मवर प्रश्न होता, कंपनीकडून काही मिळालं आहे का? त्यांनी लिहिलं, 'काही नाही'. पंख्याने फॉर्म उडू नये म्हणून त्यावर ठेवलं कोणाला? मलाच!

मग शिडीवरून पडून टाचेचं हाड मोडलेला रंगारी आला. सोबत त्याची मुलगी.

"ऑपरेशनशिवाय नाही का जमणार?" त्याने विचारलं.

"बघा, कशी घट्ट बसते!" डॉक्टरांनी मला पुढे केलं.

त्यांच्याच टेबलाच्या खणात एका अभ्यासाचा अहवाल पडून होता. ऑपरेशन केलेले आणि न केलेले पेशंट दोन वर्षांनी सारखेच चालत होते. केलेल्यांच्या जखमा मात्र जास्त चिघळल्या होत्या. तो खणातच राहिला. माझ्यावर पट्टी घट्ट बसते, कारण मला ना कातडी, ना रक्त.

ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात रंगाऱ्याची जखम चिघळली. तपासणीला आल्यावर मुलीने मला उचललं. कापडाचा कोपरा सुटला होता. तिने तो नखाने वर केला.

"बाबा, आपल्या फाइलमधल्या पट्टीच्या स्टिकरवर हेच नाव आहे."

"असू दे गं, ठेव ते खाली."

"डॉक्टरकाका, हे तुम्हाला कंपनीने दिलं?"

"हो... भेट आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "ऑपरेशन न करताही कदाचित जमलं असतं. मी सांगायला हवं होतं."

रंगारी आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "आम्ही आधी पोपडे खरवडतो, डॉक्टर. मग रंग."

त्याच दिवशी डॉक्टरांनी मासिकाला खरं काय ते कळवलं. माझं कापडही काढून टाकलं.

रंगारी आता हात पोचेल तेवढीच भिंत रंगवतो. वरची दुसरं कोणीतरी रंगवतं.

माझं एवढंच ऐका. मला हातात घेतलंत, तर "वा!" म्हणण्याआधी एकदा उलटं करून बघा.