कधीच न वाजणारे साडेतीन

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी घड्याळ आहे, पण माझ्याकडे बघून कुणी घराबाहेर पडू नये. माझ्या पोटात एकही चक्र नाही. मी वेळ दाखवत नाही, वेळ शिकवतो. म्हणजे, शिकवत होतो.

एका सुताराने उरलेल्या फळीतून मला गोल कापलं, बारा आकडे रंगवले आणि मधल्या एका स्क्रूवर दोन काटे बसवले. काटे बोटाने फिरवायचे. मोठा फिरवला म्हणून धाकटा आपोआप सरकत नाही. त्यालाही हात लावावा लागतो. माझं हे व्यंग लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझे पहिले गुरुजी फार हळू शिकवत. पोरं त्यांना पाठीमागे 'सावकाश गुरुजी' म्हणत. ते मला एखाद्या पोराच्या मांडीवर ठेवत आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसत. उत्तर चुको की बरोबर येवो, त्यांचा प्रश्न एकच. "कसं केलंस, सांग बघू." एका पठ्ठ्याने सव्वापाच लावायला एवढा वेळ घेतला की तास संपल्याची घंटा झाली. गुरुजी म्हणाले, "उद्या लाव. सव्वापाच उद्याही वाजतात."

वर्ष संपायचं आणि अर्धं पुस्तक तसंच राहायचं. पालक भांडायला यायचे. "गुरुजी, आमच्या पोराला पास करायचंय, ऋषी नाही करायचं!" त्यांचंही चूक नव्हतं. पण त्या वर्गात चुकायला कुणी घाबरत नसे, हेही तितकंच खरं.

गुरुजी निवृत्त झाले आणि नवे सर आले. प्रत्येक धड्याच्या शेवटी ते टाळी वाजवून म्हणत, "चला, पुढचं!" म्हणून त्यांचं नाव पडलं 'पुढचं सर'. ते सांगणार, वर्ग एका सुरात म्हणणार. पुस्तक वेळेआधी संपायचं, निकाल उत्तम लागायचा. जी पोरं आधी गटांगळ्या खात होती, तीही पाठ करून काठाला लागली. सर वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. फक्त त्यांच्या वर्गात प्रश्न विचारायचा हक्क एकट्या सरांनाच होता.

त्या वर्गात घड्याळजीची मुलगी होती. सगळे तिला 'टिकटिक' म्हणत. तिचा हात कायम वर. तपासणीचे साहेब आले त्या दिवशी सरांनी मोठ्या विश्वासाने तिलाच पुढे बोलावलं.

"टिकटिक, साडेतीन लाव."

तिने मोठा काटा सहावर नेला. मग जीभ दातांत धरून धाकटा काटा तीन आणि चार यांच्या बरोबर मधोमध ठेवला. मित्रांनो, इतकी अचूक वेळ माझ्यावर आधी कुणी लावली नव्हती!

सरांच्या हातात पुस्तक होतं. पुस्तकातल्या चित्रात धाकटा काटा थेट तिनावर होता.

"तिनावर ठेव. चित्र बघ."

"पण सर, आमच्या दुकानात तो मध्ये असतो."

"दुकानातली घड्याळं बिघडलेलीच असतात. म्हणून तर दुकानात येतात!"

वर्ग हसला. साहेबही हसले. तरी पोरीने माघार घेतली नाही. "सर, मोठा अर्धा फेरा फिरला, तर धाकटा जागेवर कसा राहील?"

सरांना उत्तर येत नव्हतं असं नाही. त्यांनी प्रश्न ऐकलाच नाही. त्यांनी स्वतःच्या बोटाने काटा तिनावर आणला, "काटे सैल झालेत" म्हणत स्क्रू करकचून आवळला आणि टाळी वाजवली. "चला, पुढचं!"

त्यानंतर टिकटिकचा हात कधीच वर गेला नाही. वर्षअखेरीला तिने शाळा सोडली. मला बोलता आलं असतं, तर ओरडून सांगितलं असतं की पोरगी खरी आहे. मी लाकूड. गप्प राहिलो. पण हसणारे साहेब तर लाकडाचे नव्हते ना?

पुढे वर्गात चित्रं दाखवून शिकवणारा डिजिटल पडदा आला आणि मी अडगळीच्या खोलीत आलो. बऱ्याच वर्षांनी शाळेच्या ऑफिसातलं घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीला एक बाई आली. ऑफिसातून ती शिडी न्यायला अडगळीत शिरली, मागोमाग सर. सर आता मुख्याध्यापक झालेत, केस पिकलेत. तिने मला पाहिलं. अंगठ्याने माझ्या तोंडावरची धूळ पुसली. धाकटा काटा हलवून बघितला. स्क्रू गंजलेला, काटा हलेना.

"टिकटिक?" सर हळूच म्हणाले.

तिने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, माझ्या स्क्रूला लावला आणि थांबली. मग तो माझ्या शेजारी फळीवर ठेवला.

"हे तुम्हीच करा, सर. मी ऑफिसातलं बघते."

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी विचारतील, 'कसं केलं होतंस, सांग बघू.' ते म्हणाले, "जुनी गोष्ट झाली गं ती. चल, पुढचं..."

स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या शेजारीच आहे. सर अधूनमधून दारापर्यंत येतात. आत येत नाहीत.

मित्रांनो, माझा मोठा काटा सहावर आणि धाकटा तिनावर आहे. अशी वेळ दिवसात एकदाही येत नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या शिकवायला फळ्यासमोर उभं राहील, तेव्हा एखाद्या पोराचं उत्तर पुस्तकाशी जुळणार नाही. तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, कसं केलंस. आणि कधी या खोलीत आलात, तर स्क्रू सैल करून माझा धाकटा काटा अर्धं घर पुढे सरकवा.