क्लाइव्ह कुठे राहत होता

पालिकेचं पत्र आलं तेव्हा क्लाइव्ह जिवंत होता. हे आधीच सांगते, कारण पुढे माझाच गोंधळ उडतो.

क्लाइव्ह माझा धाकटा भाऊ. दर रविवारी भाजलेलं मटण आणि बटाटे खायला माझ्याकडे यायचा. रात्रीची बस नसायची, म्हणून सोफ्यावरच आडवा व्हायचा. एका सोमवारी सकाळी पालिकेचा माणूस चौकशीला आला. बाथरूममध्ये दाढीचं सामान, दाराशी पुरुषी सपाता. झालं! कमावता भाऊ इथेच राहतो आणि ही बाई ते लपवून पालिकेकडून घरभाड्याची जादा मदत घेते. चार हजार आठशे पौंड परत करा.

पैशांचं काहीतरी बघितलं असतं. पण मी माहिती दडवली, असं पत्रात लिहिलं होतं. चाळीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलं, चमचाभर साखर घरी नेली नाही मी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही ग्लेनिस खोटं बोलली नाही, एवढं कोणीतरी म्हणावं म्हणून मी अपील केलं. उत्तर आलं : अपील मिळालं, कृपया चौकशीसाठी फोन करू नये.

म्हणून मी केला नाही. सात वर्षं! लोकांना उगाच त्रास देऊ नये, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं.

"अगं ग्लेनिस, एक फोन कर ना," क्लाइव्ह म्हणायचा. "हवं तर मी येतो साक्षीला."

"कामात असतील रे बिचारे."

चौथ्या वर्षी तोच गेला.

सातव्या वर्षी वसुलीची नोटीस आली, तेव्हा वाचनालयात फुकट सल्ला देणाऱ्या बेथनकडे गेले. तिने दोन फोन केले आणि कपाळाला हात लावला.

"अहो ग्लेनिस, तुमचं अपील न्यायाधीशांकडे गेलंच नाही. पालिकेच्या कपाटात पडून आहे."

"मग आता?"

"आता मानवी हक्क."

"माझे? अगं, ते परदेशात तुरुंगात डांबलेल्या लोकांचे असतात ना?"

"तुमचेही असतात. वाजवी वेळेत सुनावणी हा हक्कच आहे."

"असेल. पण त्यात क्लाइव्ह कुठे येतो?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

सुनावणीला न्यायाधीश बाईंनी चौकशीच्या नोंदी मागितल्या. "सहा वर्षांनी नष्ट करतो, नियमच आहे," पालिकेचा माणूस म्हणाला.

"साक्षीदार?"

"वारले," बेथन म्हणाली.

मी हात वर केला. "मी सांगते ना! तो गिरणीमागच्या खोलीत राहायचा, आणि..."

"त्याची आता गरज नाही," बाई गोड आवाजात म्हणाल्या. इतक्या उशिरा न्याय्य सुनावणी शक्यच नाही, दोष पालिकेचा, वसुली रद्द.

बाहेर बेथनने मला मिठीच मारली. "जिंकलो!"

"पण क्लाइव्ह कुठे राहत होता, ते ठरलं का?"

"ठरवायची वेळच आली नाही."

"मग मी खोटं बोलले नाही, हे कुठे लिहिलंय?"

तिने निकालाचे कागद दोनदा उलटेपालटे केले. "तसं... नाही लिहिलेलं."

"मग त्यावर अपील करू या?"

बेथनने कागद पिशवीत कोंबले. "जिंकलेल्याला अपील करता येत नाही, ग्लेनिस."