मोऱ्याच्या गळ्यातली कप्तानाची बटणं

आता जे सांगतो, ते कंग्राळीपासून खानापूरपर्यंत कुणालाच पटणार नाही. माझं मलाच पटायला वेळ लागला. पण लेक नागुबाई मला न्यायला निपाणीहून आली, जावई दारात गाडी घेऊन उभा, तेव्हा सांगणं भागच पडलं. तिची आई मालुबाई गेल्यापासून बाप घरात एकटाच घुम्यासारखा बसतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आणि मला हे घर सोडायचं नव्हतं.

"एकटा कुठला गं मी?" म्हटलं. "दर आयतवारी कप्तान साहेब येतोय की."

"कुठला कप्तान?"

मी परीट. कॅम्पातल्या व्हॉलंटियर पलटणीचं धुणं माझ्याकडं असायचं. ही साहेबमंडळी आठवडाभर रेल्वेत कारकुनी करायची आणि रविवारी बंदूक घेऊन कवायत. त्यांच्या कोटाची पितळी बटणं शिवलेली नसत. पाठीला कडी, कडीत खीळ. धुण्याआधी काढायची, दोऱ्यात ओवून ठेवायची, इस्त्री झाली की परत लावायची. जर्मनच्या पहिल्या लढाईआधी एका बेंदराला, बैल सजवायच्या सणाला, मालुबाईनं गडबडीत खुंटीवरची माळ उचलली आणि मोऱ्या बैलाच्या गळ्यात घातली. ती नेमकी कप्तानाची बटणं!

मोऱ्या मिरवणुकीतनं सुटला तो थेट कॅम्पात. मैदानावर पलटण उभी. कप्तान बिचारा बंगल्यात, कोट दोन्ही हातांनी आवळून बसलेला. इकडं बटणं चमकली तशी सारजंटानं खाडकन सलाम ठोकला.

"बैलाला सलाम?"

"बटणाला गं! पलटणीत सलाम बटणालाच असतोय, आत कोण का असंना."

ती हसली. अगदी आईसारखी, पदर तोंडाला लावून. बांधायला काढलेलं माझं घोंगडं तिनं खाली ठेवलं. मला जोर चढला.

मोऱ्याला वाट एकच ठाऊक, धुण्याच्या घाटाची. तो पुढं, पलटण मागं, लेफ्ट-राइट करत सगळे मार्कंडेय नदीत छातीभर पाण्यात. थांबायचा हुकूम कोण देणार? हुकूम देणारा पाणी पीत होता.

"आणि कप्तान चिडला न्हाय?"

"खूश झाला! म्हणला, मष्णू, अशी शिस्त मला कधी जमली न्हाय, बटणं तुझ्याकडंच ठेव. तवापासनं बटणं बघायला येतोय. सकाळी आला की दिवस मावळंपातूर हलत न्हाय. तुझी आई गेली तवा लई रडला. म्हणतोय, मष्णू, मी आलो न्हाय तर तू बोलणार कुणाशी?"

नागू उठली. चहा ठेवते म्हणून आत गेली. मी उंबऱ्यावर बसून सांगतच राहिलो.

"त्यालाबी चहाच लागतोय. गुळाचा, आलं कुटून. मी हितं, त्यो तितं, दोघं समोरासमोर बसून पितोय..."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"खोटं बोलताय, आप्पा," ती म्हणाली. "फळीवर पेला तर एकच हाय."