तात्यांच्या नावाचं ॲप

मुलाचं, अमितचं, एक वागणं मोतीबाईंच्या डोक्यात जायचं. घरात काही फुकट आलं, की तो ते आधी बाहेर वाटून मोकळा व्हायचा. या नव्या ॲपचंही त्यानं तेच केलं होतं.

ॲप बनवलं सुनेनं, किर्तीनं. कोडबिड न लिहिता, स्क्रीनवर चौकोन ओढून, जोडून, दोन आठवड्यांत. कुठल्या हळदीला कुठला मंडप, किती खुर्च्या, कुठला टेम्पो, सगळं त्यात. पालेगावच्या त्यांच्या मंडप-डेकोरेशनच्या गोडाऊनात आता वहीच उरली नव्हती. कंपनीनं महिनाभराची ट्रायल दिली होती, दहा जणांपुरती. त्यातली सहा लायसन्स अमितनं मेव्हण्याला, हरेशला, नि मित्रांना देऊन टाकली. "हरेशला बघू दे ना आपलं ॲप!" हरेशनं ते एकदाही उघडलं नाही. आणि जिनं बनवलं तिला नुसतं बघण्यापुरतं लायसन्स. काही बदलायचं झालं, तर नवऱ्याचा फोन मागायचा.

आज दुपारी स्क्रीनवर लाल पट्टी आली. ट्रायल सहा वाजता संपणार. पैसे भरले नाहीत, तर ॲप बंद. उद्या अकरा हळदी होत्या.

"मग भर की," मोतीबाई म्हणाल्या.

"मला भरता येत नाय, आये. ते ॲडमिनलाच जमतं."

"तो कोण?"

अमितनं मान खाली घातली. "तात्या."

तात्या, म्हणजे मोतीबाईंचे मालक, जाऊन तीन वर्षं झाली होती. लाइटबिल त्यांच्या नावावर, टेम्पो त्यांच्या नावावर, पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं. अमितनं ॲपसुद्धा मानानं त्यांच्याच नावावर केलं होतं, आणि हाताच्या सवयीनं मोबाइल नंबरही त्यांचाच टाकला होता. तेव्हा तो कुणी तपासला नाही. आता पासवर्ड सापडेना, आणि नव्या पासवर्डाचा कोड जाणार त्याच नंबरवर. तो तर घरच्यांनी केव्हाच सोडला होता.

"मी दोनदा बोलले होते, अहो," किर्ती म्हणाली.

"अगं, फुकट चाललंय तर आधीच कशाला भरायचं?"

अमितनं कोड मागवला आणि नंबर लावला. वाजला! एका बाईनं उचलला.

"हॅलो मॅडम, तुमच्या मोबाइलवर आता एक कोड आलाय ना, तो जरा…"

"फ्रॉड मेला! पोलिसात देईन!" फोन कट. परत लावला, तर उचललाच नाही.

पाच वीस झाले. मोतीबाईंनी स्वतःचा फोन पुढं केला. "यावरून लाव, स्पीकरवर. आणि तोंड बंद ठेव."

"बाय, ठेवू नको फोन. मी मोतीबाई, पालेगावची मंडपवाली. तुझा हा नंबर आधी माझ्या मालकांचा होता. ते गेले."

पलीकडे लहान मूल किरकिरत होतं. "मी बदलापूरला असते, मावशी. दीड वर्ष झालं नंबर घेऊन. अजून लोक मला मंडप मागतात."

"मग द्यायचास की एखादा!"

बाई जराशी हसली. "पण कोड कसा देऊ? बँकेचा निघाला म्हणजे? मेसेजात एका माणसाचं नाव आलंय. ते सांगा, मग देते."

"आण, मी सांगतो," अमितनं हात पुढं केला.

"हा मघाचाच ना? त्याच्याशी नाय बोलायचं मला. मावशी, तुमच्या मालकांचं नाव तुम्ही सांगा."

मोतीबाईंनी ते नाव कधी तोंडी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. पुढं एकेचाळीस वर्षं 'अवं', नाहीतर 'अमितचा बा'. रेशनच्या हापिसातसुद्धा कारकुनापुढं शेजारणीला बोलायला लावलं होतं.

"पाच चौतीस," किर्ती हळूच म्हणाली. "आई, राहू द्या. मी उद्याचं आठवून लिहिते."

"अकरा हळदी आठवून?"

त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले.

"मावशी? आहात ना?"

"जनू," मोतीबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, "जनू धर्मा पावशे!"

"हां. बरोबर. घ्या लिहून."

बदलापूरची बाई एकेक आकडा सांगत गेली, मोतीबाई तो बोलत गेल्या, किर्ती दाबत गेली. पहिला कोड शिळा झाला होता. तो चालला नाही. दुसरा मागवला. पाच एक्कावन्नला ॲडमिनचं पान उघडलं.

अमितनं खिशातून कार्ड काढलं. "चला, सुटलो! आता पैसे भरून सहा लायसन्स घेऊ. मी, हरेश…"

"हात काढ तिथनं." मोतीबाई वळल्या. डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "किर्ती, चार घे. दोन गोडाऊनला, एक टेम्पोवाल्याला, एक तुझं. ॲडमिन तू."

"आणि मी, आये?"

"फुकटाचं वाटायला तू, आणि निस्तरायला मी? बापाला पुढं उभा करून मागं झोपा काढायच्या, हा मान नाय झाला. उद्या कुठला मंडप कुठं जातो ते बायकोला विचारायचं, ती म्हणेल तो टेम्पो भरायचा. ज्या दिवशी ती बोलेल, 'आता यांना द्या,' त्या दिवशी तुला लायसन्स. तोवर तू या ॲपात नाहीस."