उरलेला घोट

तिची मान डावीकडून सुजली, की घरातल्या प्रत्येकाला डॉक्टरकी सुचायची. बाबा म्हणायचे, "मोबाइलात मुंडी खुपसून बसतेस, दुसरं काय होणार!" आत्याचं एकच पालुपद, उशी बदल. आई मात्र लेकीला गिळवेनासं होऊन पेल्यात जे काही उरेल, पाणी असो की दूध, ते निमूटपणे पिऊन टाकायची. या सवयीचा तर लेकीला मनस्वी तिटकारा होता. परगावची नोकरी या मानेपायी दोनदा लांबणीवर पडलेली, तिसऱ्यांदा कुणी थांबणार नव्हतं, आणि यांचं आपलं उशीपुराण चालूच!

शेवटी भांडून तिने सगळ्यांना घशाच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"उशीचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्माआधीच बुजायला हवी होती, अशी एक बारीक वाट हिच्या घशातून थायरॉइडपर्यंत उघडी राहिलीय. तिच्यात अन्न अडकतं, मग पू होतो. फार क्वचित आढळतं हे."

"ऐकलंत?" ती बाबांवर खेकसली.

तपासणीसाठी खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायचं होतं. शेवटचा घोट काही केल्या उतरेना. आईने सवयीने पेला उचलला आणि रिकामा केला.

"आई! औषध आहे ते, दूध नाही!"

"टाकायचं कशाला?"

एक्स-रेच्या फोटोत डावीकडे त्या वाटेचा पांढरा दोरा लख्ख दिसला. ऑपरेशनच्या दिवशी मात्र डॉक्टर कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आले. दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा पाहिलं, पण वाट कुठे नव्हतीच. चीर द्यायची वेळच आली नाही. ती शुद्धीवर आल्यावर "फोटो तुमचाच होता ना?" असं त्यांनी वर तिलाच विचारलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

मान मात्र पुन्हा सुजली नाही. निघायच्या सकाळी बॅग दाराशी ठेवून ती जेवायला बसली, तर समोर आईचा घास तोंडातच घोळत होता आणि हात मानेवर होता. डाव्या बाजूला.

"उशी बदलून बघ," बाबा आईला म्हणाले.

"बाबा, पुरे हं!" ती ओरडली, पण आवाजाला नेहमीची धार चढली नाही.

आईने डोळे मिटून पाणी गिळलं. मग दोन बोटांनी पेला हळूच लेकीपुढे सरकवला.

"मला नाही जात गं आता. टाकायचं कशाला?"

तळाशी एकच घोट उरला होता. पाण्याचाच, पण किंचित पांढुरका.