चावलेली रोटी

खिळा रिकामा.

चहाच्या वाटीत तळाशी भिजका चुरा.

टांगलेल्या रोटीवर शिक्का होता: मधे एक फूल, भोवती ठिपक्यांची तीन कडी.

"तिकडे बर्फ आहे ना, म्हणून बाबांचा फोन लागत नाही," मुनिसा धाकट्याला सांगते. जुलैतही हेच सांगते.

ताजिकिस्तानातल्या इस्फाराच्या बाजारात सायोरा दोन्ही पोरांना ओढत रोटीवाल्यांच्या रांगेत शिरली. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा कोमरोन रशियाला कामाला निघाला, तेव्हा दारात त्याने रोटीचा एक घास घेतला होता. उरलेली खिळ्याला टांगली. परत येऊन त्यानेच ती संपवायची, अशी रीत. काल सायोरा जर्दाळूच्या बागेत कामाला गेली होती, दालेरला भूक लागली, आणि मुनिसाने ती दगडासारखी रोटी चहात बुडवून भावाला भरवली.

वसंतापासून कोमरोनचा काही पत्ता नव्हता. सासू आज संध्याकाळी बहिणीकडून परतणार होती. त्याआधी तसल्याच शिक्क्याची रोटी हवी होती.

तो शिक्का रोटीवाल्या लोलाखालाचा. तिच्या रोट्या जुन्या बाबागाडीत, दुपट्याखाली.

दालेरने आत डोकावून विचारलं, "बाळ कुठंय?"

"हीच माझी बाळं! सगळ्या पोरीच. नेतोस एखादी सून म्हणून?"

"खाला, शिळी आहे का एखादी?" सायोराने विचारलं.

"शिळी? माझ्या तोंडावर शिळी मागतेस? सकाळी सकाळी भांडायला आलीस होय गं?"

सायोराने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. गाडीच्या तळातून खालाने एक रोटी काढली.

"कालची आहे. उन्हात ठेव, वाळेल. पण पोरी, चावणार कोण?"

"मी! मीच खाल्ली ना!" दालेरने रोटी दोन्ही हातांनी ओढली आणि तोंड उघडलं.

"तू नाही!"

सायोराने ती इतक्या जोरात हिसकावली की शेजारचा खरबूजवाला सुरी थांबवून बघत राहिला. दालेर रडायला लागला.

"मग मी चावू, आई?" मुनिसाने विचारलं.

"कुणीच नाही. चावतो तो जातो."

संध्याकाळी सासू आली. डोक्यावरचा रुमाल सोडला नाही, बोचकं खाली ठेवलं नाही, आधी खिळ्याकडेच पाहिलं. अख्खी रोटी. एकही दात न लागलेली.

"ही कुणाची?"

"कुणाचीच नाही, आई."

मुनिसा भिंतीला चिकटून उभी होती. "आजी, त्याला भूक लागली होती."

म्हातारीने रोटी खाली काढली. गुडघ्यावर ठेवून मोडली. पहिला तुकडा दालेरच्या हातात दिला, दुसरा मुनिसाच्या.

"खा. गरम असती तर मजा आली असती."

सासरे लढाईवर गेले, तेव्हा त्यांची चावलेली रोटी याच खिळ्याला होती. तिला कधीच कुणी हात लावला नव्हता, तरी ती संपवायला ते आलेच नाहीत.